सुरांची रोजकीर्द

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे एक पंडित होते. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा वैद्यकविद्येत निष्णात, आणि शार्ङ्गदेव स्वतः राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबखात्याचे प्रमुख. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थांनी लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा आजही आधारभूत मानतात. त्यातील स्वराध्यायात एक भाग असा आहे की तो वाचताना लेखकाचा व्यवसाय निराळा सांगावा लागत नाही. सात स्वर घ्यावेत, प्रत्येक एकदाच योजावा आणि क्रम बदलत जावे, तर किती ताना होतील? उत्तर येते ५,०४०. शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाहीत. या सर्व ताना ओळीने कशा मांडाव्यात, त्याची रीत ते देतात. तिला 'प्रस्तार' म्हणतात. अमुक क्रमांकाची तान कोणती, हे काढण्याची क्रिया म्हणजे 'नष्ट', आणि समोरच्या तानेचा क्रमांक कितवा, हे काढण्याची क्रिया म्हणजे 'उद्दिष्ट'. त्यासाठी 'खंडमेरू' नावाचे कोष्टक. खतावणीतले पान शोधावे तशी तान शोधायची.

त्याआधी सुमारे शंभर वर्षे, पाटणच्या चालुक्यांच्या काळात, कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रांनी 'छंदोनुशासना'त असाच एक हिशेब मांडला होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरु अक्षराची दोन. तर ठरावीक मात्रांची रचना किती प्रकारे होऊ शकते? एका मात्रेची एक, दोन मात्रांच्या दोन, तीन मात्रांच्या तीन, चार मात्रांच्या पाच, पुढे आठ, तेरा, एकवीस, चौतीस. प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. पाश्चात्त्य जगात हीच संख्यामाला फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथावरून त्याच्या नावाने ओळखली जाते. तीनतालाच्या सोळा मात्रांना हा नियम लावला तर एक आणि दोन मात्रांच्या तुकड्यांचे १,५९७ आकृतिबंध निघतात.

संगणकाला चाल सुचवायला सांगणे ही आजची नवलाई वाटत असली, तरी स्वर आणि मात्रा यांना मोजता येण्याजोग्या चिन्हांत बांधून त्यांपासून नवे आकृतिबंध काढण्याची कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस फासे टाकून नृत्यधुना जुळवण्याचे खेळ छापले जात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजरेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी १९५७ मध्ये इलियाक या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. यंत्र यादृच्छिक संख्या काढी, त्यांचे स्वर करी आणि नियमांत न बसणारे स्वर टाकून देई. म्हणजे पुन्हा प्रस्तारच. फक्त त्याच्या दाराशी एक चाळणी बसवलेली.

गेल्या काही वर्षांत आलेली 'लँग्वेज मॉडेल', अर्थात भाषा-प्रारूपे, मात्र वेगळ्या रीतीने चालतात आणि तो वेग नीट समजून घेतला नाही तर त्यांच्याविषयी भलतीच भीती किंवा भलतीच आशा निर्माण होते. ती समजून घेण्यासाठी आधी संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर कसा साठवला जातो, हे पाहणे आवश्यक आहे. व्यापारी घरातील वाचकाला ही गोष्ट कदाचित संगीतकारापेक्षाही लवकर उमगेल.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनाहाइम येथे वाद्यव्यापाऱ्यांचे प्रदर्शन भरले होते. तेथे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये, एक अमेरिकन सिक्वेन्शियल सर्किट्सचे आणि दुसरे जपानी रोलँडचे, एका तारेने जोडली गेली. एकावर पट्टी दाबली की दुसरे वाजे. या सामाईक भाषेला 'मिडी' म्हणतात. तिचे जनक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या पेढ्यांनी वजन-माप मात्र एकच ठेवावे, तसाच हा शहाणपणाचा ठराव होता. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी सन्मान मिळाला.

मिडीत ध्वनी नसतोच. असतात त्या नोंदी. कोणता स्वर, कधी सुरू झाला, किती वेळ टिकला आणि किती जोराने वाजला. स्वराला ० ते १२७ यांपैकी एक आकडा मिळतो, जोरालाही तशीच मोजपट्टी. पियानोच्या मधल्या 'सी' पट्टीचा आकडा ६०. ती षड्ज मानली तर रिषभ ६२, शुद्ध गंधार ६४, पंचम ६७, शुद्ध धैवत ६९ आणि तार षड्ज ७२. अ‍ॅबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्युबेस, लॉजिक, घरोघरीच्या आयपॅडवरील गॅरेजबँड, यांपैकी काहीही उघडले तरी पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या रंगीत पट्ट्या म्हणजे याच नोंदी. ही सुरांची रोजकीर्द होय. माल गोदामात असतो, कीर्दीत फक्त त्याची नोंद. तसा नाद वाद्यात किंवा ध्वनिसंचात असतो आणि मिडीत फक्त आकडे.

भाषा-प्रारूप वाचते ते हे आकडे. ऐकू त्याला काहीच येत नाही. प्रचंड मजकूर वाचून 'यानंतर बहुधा काय येते' हे ठरवणे, एवढेच त्याचे मूळ काम. त्या मजकुरात कथा-कादंबऱ्या आणि बातम्या असतात, तशीच संगीतशास्त्राची पाठ्यपुस्तके, गिटारच्या कॉर्डच्या याद्या, अक्षरांत लिहिलेली लोकधुनांची नोटेशने आणि मिडी फाइल तयार करणारे प्रोग्रामही असतात. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी त्याच धर्तीवर पियानोच्या नोंदी पुढे चालवणारे 'म्युझिक ट्रान्सफॉर्मर' आले. आज सामान्य संभाषणासाठी केलेली प्रारूपेसुद्धा चाल लिहून देतात, कारण त्यांच्या लेखी चाल म्हणजे मजकुराचाच एक प्रकार. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशा प्रारूपांना इतर सॉफ्टवेअरशी जोडणारा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यानंतर काही महिन्यांतच हौशी प्रोग्रामरांनी त्याचा पूल अ‍ॅबलटन लाइव्हपर्यंत नेला. 'चार आवर्तनांचा ठेका टाक' असे लिहिले की पडद्यावर पट्ट्या आपोआप उमटतात.

प्रत्यक्ष काम कसे होते, हे एका उदाहरणाने पाहणे बरे. समजा, मसाल्याच्या एका दुकानासाठी पंधरा सेकंदांच्या रेडिओ-जाहिरातीची धून हवी आहे. 'आनंदी, भारतीय वाटणारी धून दे' असे प्रारूपाला सांगितले तर जे मिळते ते आनंदीही नसते आणि भारतीयही नसते. ते सरासरी असते. बहुधा जे येते तेच देणाऱ्या यंत्राकडून दुसरे काय मिळणार? पाश्चात्त्य सुगम संगीताच्या लिखित साहित्याचे त्याच्या वाचनात मोठे प्राबल्य, म्हणून चार-चार मात्रांचे साचे आणि हजार गाण्यांत ऐकलेली तीच चार कॉर्डची साखळी पुन्हा हाती पडते.

जाणकार मागणी निराळी करतो. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर पंधरा सेकंदांत २४ मात्रा बसतात. म्हणजे चार मात्रांचे सहा विभाग. भूपाचे पाच स्वर, शेवटचा विभाग दुकानाच्या नावासाठी मोकळा, तिसऱ्या विभागात सम टाळायची, सलग तीनपेक्षा अधिक स्वर एकाच दिशेने जाऊ द्यायचे नाहीत, आणि उत्तर तक्त्याच्या रूपात: स्वराचा आकडा, आरंभ, लांबी, जोर. अशा वीस धुना मागायच्या. मागणी जितकी बंदिस्त, तितके उत्तर मोकळे, असा उलटा अनुभव येथे येतो.

त्या वीसही धुना वापरण्याजोग्या नसतात. एखादीची बेरीज २४ ऐवजी २३ मात्रांवर येते, कारण मोजणी हा या प्रारूपांचा जुना कच्चा दुवा आहे. एखादीत ६५ किंवा ७१ हा आकडा डोकावतो, म्हणजे भूपात वर्ज्य असलेला मध्यम किंवा निषाद. या चुका नजरेने टिपता येतात. कीर्दीची बेरीज चुकली की मुनीमजींचे बोट जसे आपोआप तेथे थांबते. उरलेल्या बहुतेक निरुपद्रवी आणि निर्जीव असतात. पण अकराव्या धुनेच्या दुसऱ्या विभागात पंचमावरून थेट गंधारावर येऊन अर्धी मात्रा थबकणारा एक तुकडा असतो, जो त्या संगीतकाराला स्वतःहून सुचला नसता. तो तीन स्वरांचा तुकडा ठेवायचा आणि बाकी सगळे पुसून टाकायचे. चाल तेथून पुढे माणसाची.

जुन्या प्रस्तारात आणि या यंत्रात खरा भेद इथेच आहे. शार्ङ्गदेवांचा प्रस्तार ५,०४० ताना निःपक्षपातीपणे समोर ठेवतो. रंजक आणि नीरस दोन्ही सारख्याच सन्मानाने. भाषा-प्रारूप रूढ वाटेकडे झुकते. ते पटकन गोड वाटणारे देते, म्हणून त्याचा उपयोगही होतो आणि धोकाही त्यातच आहे. निवड करणारा कान तयार नसेल तर पहिलीच धून 'छान आहे' म्हणून स्वीकारली जाते आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानाची जाहिरात एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारखी वाजू लागते.

कानाचा प्रश्न राग-संगीतात अधिकच तीव्र होतो. भूप आणि देसकार यांचे स्वर तंतोतंत तेच: सा, रे, ग, प, ध. आकड्यांत लिहिले तर दोन्हींकडे ६०, ६२, ६४, ६७, ६९. तरीही एक संध्याकाळनंतर गायिला जातो, दुसरा सकाळी. भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत. देसकारात नेमके उलट. भूप पूर्वांगात रमतो, देसकार उत्तरांगात. कोणत्या स्वरावर किती रेंगाळायचे, कोठून वळायचे, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करून निघायचे, यात सारा राग असतो. वादी-संवादीची माहिती प्रारूपाला विचारली तर ते बिनचूक सांगते, कारण ती पुस्तकांत लिहिलेली आहे. त्याच प्रारूपाने रचलेली देसकाराची आलापी मात्र चार ओळींतच भूपाच्या दारात जाऊन उभी राहण्याचा संभव असतो. आणि ही चूक नजरेला दिसत नाही, कारण कीर्दीतला एकही आकडा चुकलेला नसतो.

मीड, आंदोलन, कण यांचे काय? मिडीला ते अगदीच अशक्य नाही. स्वर वाकवण्यासाठी तिच्यात १६,३८४ पायऱ्यांची एक स्वतंत्र मोजपट्टी आहे आणि की-बोर्डावर मीड घेणारे वादक ती एका छोट्या चाकाने वापरतात. परंतु त्या सूक्ष्म हालचाली मजकुरात फारशा कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, म्हणून त्या प्रारूपाच्या वाचनातही नाहीत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना हा पेच शंभर वर्षांपूर्वी पडला होता. मुंबईत वकिली केलेल्या या माणसाने देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत लिहिले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त बंदिशी नोटेशनसह छापल्या. मीडेसाठी त्यांनी स्वरांवर कमान काढली, कणस्वर बारीक अक्षरात वर लिहिला. ती पुस्तके वाचून कोणी गवई झाला नाही. पण गुरूकडे शिकलेल्याला ती आयुष्यभर पुरली. प्रारूपाला मिळाले आहे ते फक्त पुस्तक.

घरात संगीत शिकणारे मूल असेल तर पालकांनी येथे थोडे सावध राहावे. सातवी-आठवीतला मुलगा गॅरेजबँडवर प्रयोग करत असेल आणि पहिली चाल सुचण्याआधीच यंत्राकडे मागत असेल, तर त्याचा वेळ वाचतो खरा, पण जो वेळ वाचतो तोच कान घडण्याचा असतो. उलट त्याच यंत्राला 'माझ्या या आठ मात्रांत काय खटकते?' किंवा 'हा तुकडा उलटा, दुप्पट लयीत लिहून दाखव' असे विचारणारा विद्यार्थी बरेच काही शिकू शकतो. यंत्र तेच, आधी कोण बोलते, यावर सगळे अवलंबून.

मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या इतिहासात या विषयाशी जवळचे नाते सांगणारे एक पान आहे. स्वातंत्र्योत्तर काळात अनेक संगीतकार चाल गुणगुणून किंवा पेटीवर ऐकवत आणि ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून साठ-सत्तर वादकांसाठी विस्तारण्याचे काम अरेंजर करीत. त्यांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव आज बहुतेकांना 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे ठाऊक आहे; संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिन-गुरूंना दिलेली ती मानवंदना होती. एरवी श्रेयनामावलीत अरेंजरांची नावे क्वचितच येत. पुढे सिंथेसायझर आणि मिडी आले, सत्तर वादकांचे काम एका की-बोर्डावर होऊ लागले आणि वादकांच्या एका पिढीची रोजी आटली. आताचे भाषा-प्रारूप अरेंजरच्या खुर्चीकडे पाहत आहे. अरेंजर चाल ऐकून तिला काय शोभेल ते ठरवी. प्रारूप चाल न ऐकता तिच्याशेजारी बहुधा काय असते ते सांगते. स्वस्त मात्र ते फार आहे, आणि बाजारात स्वस्ताईचा युक्तिवाद किती प्रभावी असतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मालकीच्या प्रश्नाकडेही व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले पाहिजे, कारण जाहिरातीची धून, लग्नातल्या संगीताचा कार्यक्रम, दुकानाच्या यूट्यूब वाहिनीचे शीर्षकसंगीत, अशा निमित्तांनी ही साधने व्यापारी घरांत शिरलीच आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आले. त्यानुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती. हे शब्द लिहिले गेले तेव्हा आजची प्रारूपे अस्तित्वात नव्हती; त्यामुळे 'करवणारी व्यक्ती' म्हणजे मागणी टंकणारा की यंत्र घडवणारा, यावर वकिलांना भरपूर वाव आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात अधिक स्पष्ट भूमिका घेतली: केवळ सूचना टंकल्याने कर्तृत्व मिळत नाही, पण मिळालेल्या साहित्याची माणसाने केलेली निवड, मांडणी आणि फेरफार यांना संरक्षण मिळू शकते. वरच्या उदाहरणातील संगीतकाराने वीसपैकी एकोणीस धुना पुसल्या आणि विसाव्या धुनेतून तीन स्वर घेतले, त्याचे कायदेशीर मोलही येथे दिसते.

स्वर सुचवणारे भाषा-प्रारूप आणि तयार गाणेच काढून देणारी यंत्रे यांत गल्लत करू नये. सूनो आणि युडिओ या दुसऱ्या प्रकारच्या सेवांवर मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत दावे दाखल केले. त्यांतील काही २०२५ च्या अखेरीस तडजोडीने मिटले. गायकांच्या आवाजाचा प्रश्न तर आणखी नाजूक. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी आलेल्या 'लाल सलाम' चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने योजले, परंतु त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन आणि मोबदला देऊन. आवाज एकच, तंत्रही एकच. पण एका ठिकाणी करार होता.

म्हणून धून करवून घेणाऱ्या दुकानदाराने संगीतकाराच्या बिलावर काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कोणते साधन वापरले आणि त्या सेवेच्या कोणत्या योजनेखाली. अनेक सेवा मोफत योजनेतील निर्मितीच्या व्यापारी वापरास परवानगी देत नाहीत. चालीचे हक्क कोणाकडे राहतील आणि किती काळ. सॉफ्टवेअरमधील मूळ प्रकल्प, टाकून दिलेल्या मसुद्यांसह, तारीखवार जपून ठेवला आहे की नाही. उद्या तंटा उभा राहिला तर माणसाने काय निवडले आणि काय बदलले, याचा पुरावा तोच. तबल्याला किंवा बासरीला खरा वादक बोलावला असेल तर त्याचे मानधन वेगळ्या ओळीत दाखवावे आणि जाहिरात यूट्यूबवर चढवताना खालच्या वर्णनात त्याचे नाव घालावे. त्या ओळीला खर्च काहीच येत नाही.